मूत्राशयाचा कर्करोग : लक्षणे, शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची वर्षे

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एखाद्या आजाराची सविस्तर माहिती देण्याचा प्रघात आहे. देणगीदारांनी दिलेला पैसा कोणत्या दुखण्यावर आणि कशा रीतीने खर्ची पडतो हे त्यांना समजावे, तसेच रुग्णांच्या आप्तांना घरी नेऊन निवांत वाचता येईल असे काही हाती असावे, हा त्यामागील हेतू. यंदा मूत्राशयाच्या कर्करोगाची निवड करण्यास विशेष कारण आहे. ‘एका शस्त्रक्रियेचा खर्च आम्ही उचलू इच्छितो, आकडा सांगा’, असे औदार्याने विचारणारे हितचिंतक आम्हांस नेहमी भेटतात. मोतीबिंदू, हर्निया, अपेंडिक्स यांचा आकडा आम्ही तत्काळ सांगू शकतो. या आजाराचा सांगता येत नाही. येथे शस्त्रक्रिया एकच असते असे नाही आणि शस्त्रक्रिया झाली म्हणजे उपचार संपला असेही नाही. तसे का, हे समजावून देण्याचा येथे प्रयत्न केला आहे. यातील वैद्यकीय भाग आमच्या मूत्ररोग विभागातील शल्यचिकित्सकांनी नजरेखालून घातला आहे. तथापि तो केवळ माहितीसाठी आहे. कोणाही रुग्णाच्या उपचाराचा निर्णय त्यावरून करू नये.

मूत्राशय आणि त्याचे थर

मूत्राशय ही ओटीपोटात असलेली स्नायूंची पिशवी. दोन मूत्रपिंडांत तयार होणारी लघवी दोन मूत्रवाहिन्यांतून थेंबाथेंबाने तीत उतरते. साधारणपणे ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी तीत मावते. पिशवीच्या आतील बाजूस एक नाजूक अस्तर असते. पिशवी भरली की ते ताणले जाऊन पातळ होते, रिकामी झाली की पुन्हा जाड होते. या अस्तराखाली विरळ ऊतींचा एक थर, त्याखाली जाड स्नायू आणि स्नायूच्या बाहेर चरबी. ही रचना वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारे निर्णय गाठीचे मूळ यांपैकी कोणत्या थरापर्यंत गेले आहे यावर ठरतात. गाठ केवढी मोठी आहे, हा प्रश्न नातेवाईक प्रथम विचारतात. शल्यचिकित्सक मात्र प्रथम विचारतात की ती किती खोल आहे.

या कर्करोगांपैकी ९० टक्क्यांहून अधिक कर्करोग अस्तराच्या पेशींतून उद्भवतात. तेच अस्तर वर मूत्रवाहिन्यांत व मूत्रपिंडाच्या आतील भागातही पसरलेले असते. म्हणूनच गाठ मूत्राशयात सापडली तरी वरच्या मार्गाचीही तपासणी करावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या वर्षात जगभरात सुमारे ६ लाख १४ हजार लोकांना हा आजार नव्याने झाला आणि सुमारे २ लाख २० हजार लोक त्याने दगावले. पुरुषांत त्याचे प्रमाण स्त्रियांच्या तिप्पट ते चौपट आहे, आणि तो बहुधा साठीच्या आसपास व त्यानंतर आढळतो.

तंबाखूचा धूर आणि रंगाची रसायने

तंबाखूने तोंडाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो हे आता खेडोपाडी ठाऊक आहे. सिगारेट-विडीच्या धुराने मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे मात्र सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. धूर जातो छातीत, आणि आजार व्हावा ओटीपोटात, हे पटकन पटत नाही. प्रत्यक्षात मार्ग सरळ आहे. धुरातील घातक रसायने फुप्फुसांतून रक्तात जातात, मूत्रपिंडे ती रक्तातून गाळून लघवीत सोडतात आणि ती लघवी मूत्राशयात तासन् तास साठून राहते. अस्तर त्या रसायनांत दररोज भिजत राहते, वर्षानुवर्षे. या आजाराच्या सुमारे निम्म्या रुग्णांच्या बाबतीत कारण धूम्रपान हेच असते. सोडल्यावर धोका कमी होतो, पण तो उतरण्यास वर्षे लागतात. ‘सोडून दहा वर्षे झाली’ म्हणून लक्षणाकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही.

दुसरे कारण कारखान्यांतील. जर्मनीतील फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ साली कृत्रिम रंग बनविणाऱ्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे प्रथम मांडले. पुढे बेन्झिडीन, बीटा-नॅफ्थिलअमाईन यांसारखी रसायने त्यास कारणीभूत असल्याचे सिद्ध झाले. रसायनाशी संबंध आल्यापासून गाठ दिसेपर्यंत वीस-तीस वर्षेही जातात, त्यामुळे निवृत्त कामगाराच्या आजाराचा त्याच्या जुन्या नोकरीशी संबंध कोणी जोडत नाही. इचलकरंजी, सोलापूर यांसारख्या वस्त्रोद्योगाच्या गावांतून येणाऱ्या, किंवा रंग, रबर, चामडे यांच्या कामात आयुष्य घालविलेल्या रुग्णाने आपला पूर्वीचा व्यवसाय डॉक्टरांना आवर्जून सांगावा. केसपेपरवर ‘व्यवसाय : निवृत्त’ एवढेच लिहिले जाते, त्या एका शब्दातून काहीच कळत नाही.

पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक, काही औषधे, ओटीपोटावर पूर्वी दिलेले किरणोपचार, मूत्राशयात अनेक वर्षे राहिलेला खडा किंवा कॅथेटर ही आणखी काही कारणे होत.

लक्षणे : न दुखणारे रक्त

या आजाराचे प्रमुख लक्षण एकच, आणि ते इतके स्पष्ट आहे की आजार उशिरा उघडकीस येण्यास खरे म्हणजे कारण नसावे. लघवीतून रक्त जाते आणि काहीही दुखत नाही. सुमारे ८० ते ९० टक्के रुग्णांत हेच पहिले लक्षण असते. लघवी कधी लालभडक, कधी मांस धुतलेल्या पाण्यासारखी, कधी काळ्या चहासारखी दिसते. काही वेळा गाठी पडतात. मग एक-दोन दिवसांत लघवी पुन्हा स्वच्छ होते. घात होतो तो येथेच. गाठीच्या पृष्ठभागावरील बारीक रक्तवाहिन्या अधूनमधून फुटतात व आपोआप बंद होतात. गाठ मात्र जागच्या जागी असते आणि वाढत असते. घरी बहुधा ‘उन्हाळी लागली’ असे निदान होते. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे पाणी सुरू होते. कोणी मूतखडा ठरवून कुळथाचे कढण देतो, कोणी पानफुटीची पाने सुचवितो. दोन दिवसांत रक्त थांबते, आणि श्रेय पानफुटीला मिळते. पुढचे रक्त दोन महिन्यांनी दिसते, त्यानंतरचे सहा महिन्यांनी. आमच्याकडे आलेल्या रुग्णांच्या केसपेपरवर ‘एक वर्षापासून अधूनमधून’ हे शब्द वारंवार आढळतात.

घरगुती उपायांची येथे थट्टा करावयाची नाही. ते थंडावा देतात, अपायही करीत नाहीत. परंतु रक्त थांबणे म्हणजे कारण नाहीसे होणे नव्हे, एवढे ध्यानात असावे. लघवीत रक्त दिसलेल्या बहुसंख्य लोकांना कर्करोग नसतो, हेही तितकेच खरे. जंतुसंसर्ग, मूतखडा, प्रोस्टेटची वाढ, मूत्रमार्गाचा क्षय अशी अनेक कारणे असतात. बीट खाल्ल्याने किंवा क्षयरोगावरील रिफाम्पिसिन या गोळीने लघवी तांबडी होते, त्यात रक्त नसतेच. पण कोणते कारण आहे हे घरी बसून ठरत नाही. एकदाच दिसलेल्या रक्ताचीही तपासणी व्हावयास हवी. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्या हृदयरोग्यांनी ‘गोळ्यांमुळे झाले असेल’ असे समाधान करून घेऊ नये. पुष्कळदा त्या गोळ्या मुळात असलेल्या गाठीचा रक्तस्राव केवळ लवकर दाखवून देतात.

स्त्रियांच्या बाबतीत उशीर अधिक होतो. त्यांच्या लघवीतील रक्ताला जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स दिले जातात. रक्त नेमके कोठून येते, लघवीतून की अंगावरून, हेही कधी नीट विचारले जात नाही. पाळी गेलेल्या स्त्रीच्या कपड्यावर रक्त दिसल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर मूत्ररोगतज्ज्ञांचाही सल्ला घ्यावा. दुखणे अंगावर काढण्याची सवय आपल्याकडील स्त्रियांना लहानपणापासून लावली जाते, आणि या आजारात तर दुखतच नाही. मग सांगावयाचे तरी काय, असे त्यांना वाटते.

काही रुग्णांत रक्त दिसत नाही, परंतु वारंवार लघवीस जावे लागते, घाई होते, जळजळ होते, आणि लघवीच्या तपासणीत जंतू मात्र सापडत नाहीत. अस्तरावर सपाट पसरलेला, गाठ न दिसणारा एक कर्करोग असे रूप घेतो. तो वरवरचा असला तरी स्वभावाने उग्र असतो. कंबरेच्या बाजूस दुखणे, पायावर सूज, हाडे दुखणे, वजन घटणे ही आजार पुढे गेल्याची चिन्हे होत.

निदानासाठी लघवीची साधी तपासणी, लघवीतील पेशींची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी, मूत्राशय भरलेले असताना केलेली सोनोग्राफी आणि आवश्यकतेप्रमाणे सी.टी. स्कॅन करतात. तथापि सोनोग्राफीत लहान वा सपाट गाठ निसटू शकते. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून दुर्बिणीची तपासणी टाळावी, असा हट्ट नातेवाईकांनी धरू नये. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून आतील अस्तर प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणे याला आजही पर्याय नाही.

पहिली शस्त्रक्रिया

मूत्राशयात प्रकाश नेऊन पाहण्याचे आधुनिक उपकरण जर्मनीतील माक्सिमिलियन नित्से यांनी १८७० च्या दशकात सिद्ध केले. न्यूयॉर्कचे एडविन बिअर यांनी १९१० साली त्याच मार्गाने विद्युत्प्रवाह नेऊन गाठ जाळता येते, हे दाखविले. तोपर्यंत गाठीपर्यंत पोहोचण्यासाठी बहुधा पोट उघडावे लागे. आजची शस्त्रक्रिया त्याच मार्गाने जाते. तिला टी.यू.आर.बी.टी. असे म्हणतात. रुग्णास कमरेतून किंवा पूर्ण भूल देऊन मूत्रमार्गातून दुर्बीण आत घालतात. तिच्या टोकाशी असलेल्या तारेच्या कडीतून विद्युत्प्रवाह सोडून गाठ थराथराने कापतात, रक्तवाहिन्या बंद करतात आणि तुकडे धुऊन बाहेर काढतात. पोटावर कोठेही छेद नसतो. नंतर एक-दोन दिवस कॅथेटर ठेवून मूत्राशय द्रवाने धुतले जाते. टाके नाहीत, जखम दिसत नाही. त्यामुळे ही ‘किरकोळ’ शस्त्रक्रिया आहे असा समज होतो. वस्तुतः मूत्राशयाची भिंत आधीच पातळ, तीत थोडे अधिक खोल गेले तर छिद्र पडते, आणि थोडे कमी गेले तर गाठीचे मूळ मागे राहते.

या शस्त्रक्रियेचे दोन हेतू असतात : दिसणारी सर्व गाठ काढून टाकणे, आणि ती किती खोल आहे हे ठरविण्यासाठी तिच्या तळाच्या स्नायूचा नमुना घेणे. पॅथॉलॉजीच्या अहवालात पेशी सौम्य स्वरूपाच्या आहेत की उग्र, मूळ कोणत्या थरापर्यंत गेले आहे आणि नमुन्यात स्नायू आला आहे की नाही, या तीन गोष्टी असावयास हव्यात. रुग्णाच्या आप्तांनी अहवाल हाती आल्यावर या तीन गोष्टींची विचारणा अवश्य करावी.

आता आम्हांस सर्वांत अधिक खुलासा ज्या मुद्द्याचा करावा लागतो त्याकडे येऊ. मूळ अस्तराखालील थरात शिरले असेल, स्नायूचा नमुना मिळाला नसेल किंवा गाठ मोठी असल्याने पूर्ण निघाली नसेल, तर दोन ते सहा आठवड्यांत तीच शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागते. हिशेब खिडकीपाशी उभे राहून ‘पहिली नीट केली नाही, म्हणून दुसऱ्यांदा पैसे घेता काय?’ असे विचारणारे आप्त आम्ही पाहिले आहेत. त्यांचा संताप समजण्याजोगा आहे. परंतु अस्तराखालील थरात शिरलेल्या गाठींच्या बाबतीत, कुशल हातांनी पहिली शस्त्रक्रिया केल्यानंतरही, सुमारे एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत दुसऱ्या वेळी काही अवशेष सापडतो, असा जगभरचा अनुभव आहे. कधी कधी वरवरची वाटलेली गाठ स्नायूपर्यंत गेल्याचे दुसऱ्या वेळीच कळते आणि उपचाराची दिशाच बदलते. ही दुसरी शस्त्रक्रिया उपचाराच्या आराखड्यातच असते. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधीच तिची शक्यता रुग्णास सांगावी आणि खर्चाच्या अंदाजपत्रकात ती दाखवावी, असा आमचा आग्रह असतो.

मूत्राशयातून दिली जाणारी औषधे

निदानाच्या वेळी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत आजार स्नायूपर्यंत पोहोचलेला नसतो. यांचे मूत्राशय वाचते. पण गाठ पुन्हा उगवण्याची प्रवृत्ती हा या आजाराचा स्वभाव आहे. युरोपातील २,५९६ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाच वर्षांत गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण गाठीच्या प्रकारानुसार ३१ ते ७८ टक्के आढळले. म्हणजे सर्वांत सौम्य गटातही दहापैकी तिघांना ती पुन्हा होते.

हे प्रमाण कमी करण्यासाठी शस्त्रक्रियेनंतर २४ तासांच्या आत मायटोमायसिनसारखे औषध कॅथेटरमधून मूत्राशयात एकदा सोडतात. उग्र स्वरूपाच्या गाठींसाठी बीसीजी वापरतात. होय, तीच बीसीजी, जी क्षयाविरुद्ध लस म्हणून तान्ह्या बाळाच्या दंडावर टोचतात. फ्रान्समधील लील येथील पाश्चर संस्थेत काल्मेट व गेरँ यांनी तयार केलेली ही लस माणसास प्रथम १९२१ साली दिली गेली. कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली नऊ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध करून ती मूत्राशयाच्या कर्करोगावर उपयोगी पडते हे दाखविले. जिवंत पण दुर्बल केलेले हे जंतू अस्तराशी येताच शरीराची प्रतिकारशक्ती तेथे धावून येते आणि कर्करोगाच्या पेशींवरही हल्ला करते. गेल्या दशकात या औषधाची जगभर टंचाई झाली. एका मोठ्या परदेशी उत्पादकाने २०१७ साली उत्पादनच थांबविले. आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये मूत्राशयासाठीची बीसीजी तयार होते, ही महाराष्ट्रातील रुग्णांच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

बीसीजी प्रथम आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे देतात. नंतर ठरावीक महिन्यांच्या अंतराने तीन-तीन मात्रांच्या फेऱ्या असतात. उग्र गाठीसाठी तीन वर्षांचा पूर्ण क्रम पाळल्यास एकूण २७ मात्रा होतात. मात्रेनंतर जळजळ, वारंवार लघवी, थोडा ताप हे अपेक्षित असते. ताप जास्त असल्यास किंवा टिकून राहिल्यास मात्र तत्काळ रुग्णालयात यावे. मात्रा घेतल्यानंतर सहा तास रुग्णाने बसून लघवी करावी आणि प्रत्येक वेळी शौचकूपात ब्लीच ओतून पंधरा मिनिटांनी पाणी सोडावे. कारण लघवीतून जिवंत जंतू बाहेर पडत असतात आणि घरात लहान मुले, वृद्ध माणसे असतात.

मूत्राशय काढावे लागते तेव्हा

मूळ स्नायूत शिरले की आजाराचे स्वरूप बदलते. उपचार न केल्यास असे बहुतेक रुग्ण दोन वर्षांच्या आत दगावतात. येथे संपूर्ण मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया हा प्रस्थापित उपाय आहे. पुरुषांत त्याबरोबर प्रोस्टेट ग्रंथी, स्त्रियांत बहुधा गर्भाशय व योनीची पुढील भिंत आणि दोघांतही ओटीपोटातील लसिकाग्रंथी काढतात. मूत्रपिंडे चांगली काम करीत असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी सिस्प्लॅटिनयुक्त केमोथेरपी देतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, आधी केमोथेरपी घेतलेल्या गटाचे मध्यम आयुर्मान ७७ महिने, तर थेट शस्त्रक्रिया झालेल्या गटाचे ४६ महिने आढळले. थेट शस्त्रक्रिया करावयाची असल्यास ती निदानापासून तीन महिन्यांच्या आत व्हावी असे मानतात. दुसरे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे, पण दुसरे, तिसरे आणि चौथे मत घेत सहा महिने घालविणे घातक ठरते.

शस्त्रक्रिया मोठी आहे. नामांकित केंद्रांतही निम्म्याहून अधिक रुग्णांना पहिल्या ९० दिवसांत लहानमोठी गुंतागुंत होते. यंत्रमानवाच्या साहाय्याने ती केल्यास रक्तस्राव कमी होतो. कर्करोग आटोक्यात राहण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही पद्धती तुल्यबळ असल्याचे २०१८ साली अमेरिकेतील चाचणीने दाखविले. ट्रस्टने तसे यंत्र घ्यावे काय, असा प्रश्न सभांतून विचारला जातो, म्हणून हा उल्लेख केला.

मूत्राशय गेल्यावर लघवीने जावे कोठे? अमेरिकेतील सेंट लुईसचे युजीन ब्रिकर यांनी १९५० साली रूढ केलेली पद्धत आजही सर्वाधिक वापरात आहे. लहान आतड्याचा सुमारे १५ सेंटिमीटरचा तुकडा वेगळा करून त्याच्या एका टोकाला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात आणि दुसरे टोक पोटाच्या त्वचेवर काढतात. या तोंडास स्टोमा म्हणतात. त्यावर चिकटणारी पिशवी लावतात आणि तीत लघवी सतत जमते. दुसरी पद्धत आतड्याच्या सुमारे अर्ध्या मीटर लांबीच्या भागाची नवी पिशवी शिवून ती मूळ मूत्रमार्गास जोडण्याची. बाहेर पिशवी लागत नाही. परंतु लघवीची जाणीव पूर्वीसारखी होत नाही. घड्याळ लावून रात्रीही उठावे लागते, पोटावर जोर देऊन लघवी करावी लागते, काहींना स्वतः कॅथेटर घालण्यास शिकावे लागते. मूत्रपिंडे दुबळी असल्यास किंवा मूत्रमार्गातच कर्करोग असल्यास ही पद्धत चालत नाही.

पिशवीच्या भीतीने शस्त्रक्रिया नाकारणारे रुग्ण आम्ही पाहतो. देवपूजा कशी करावी, एस.टी.तून कसे जावे, सुनांसमोर कसे बसावे, असे त्यांचे प्रश्न असतात. हे प्रश्न क्षुल्लक मानणाऱ्या कर्मचाऱ्यास या विभागात ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्टोमाची जागा शस्त्रक्रियेच्या आधीच, रुग्णास बसवून, उभे करून आणि वाकावयास लावून पोटावर खुणेने ठरवावी लागते. धोतर, साडी, नाडीचा पायजमा, पट्टा कोठे बांधला जातो हे पाहावे लागते. शेतात वाकून काम करणाऱ्याची जागा आणि दुकानात बसणाऱ्याची जागा एकच असेल असे नाही. नीट बसलेली पिशवी तीन-चार दिवस टिकते, कपड्याआड दिसत नाही, वास येत नाही. उन्हाळ्यात घामाने ती लवकर सुटते, हेही आधीच सांगितलेले बरे. आणखी एक विनंती : मुलांनी परस्पर निर्णय घेऊन वडिलांना शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत अंधारात ठेवू नये. शुद्धीवर आल्यावर पोटावर पिशवी पाहून जो धक्का बसतो, त्यास आमच्याकडे औषध नाही. लैंगिक जीवनावर होणाऱ्या परिणामांविषयीही पतिपत्नींशी शस्त्रक्रियेपूर्वी मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे.

निवडक रुग्णांत दुर्बिणीने शक्य तेवढी गाठ काढून, त्यानंतर किरणोपचार व केमोथेरपी एकत्र देऊन मूत्राशय वाचविता येते. त्या मार्गाविषयी किरणोपचारतज्ज्ञांचे मतही घ्यावे. आजार शरीरात पसरलेल्या रुग्णांसाठी अलीकडे नवी औषधे आली आहेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन व पेम्ब्रोलिझुमॅब या जोडीने मध्यम आयुर्मान १६.१ महिन्यांवरून ३१.५ महिन्यांवर नेले. त्यांच्या किमती धर्मादाय रुग्णालयाच्या कुवतीबाहेर आहेत, हेही सांगितले पाहिजे.

पाळत आणि तिचा हिशेब

मूत्राशय वाचलेल्या रुग्णाकडे पुन्हा वळू, कारण संख्येने तेच अधिक. उग्र गाठ असलेल्या रुग्णाची दुर्बिणीने तपासणी पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, पुढील तीन वर्षे दर सहा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावयाची असते. म्हणजे पहिल्या पाच वर्षांत १४ वेळा दुर्बीण. त्यात बीसीजीच्या २७ मात्रा मिळविल्यास एका रुग्णाच्या रुग्णालयातील फेऱ्या चाळिसांवर जातात, आणि यात पुन्हा उगवलेल्या गाठीची शस्त्रक्रिया धरलेली नाही. निदानापासून अखेरपर्यंतचा दर रुग्णामागील खर्च पाहता हा सर्वांत महागड्या कर्करोगांपैकी एक आहे, असे अमेरिकेतील अभ्यासकांनी दाखविले आहे. त्याचे मर्म या फेऱ्यांत आहे.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्या लागतात आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही आहे. रुग्ण खाटेवर असेपर्यंत या व्यवस्था त्याच्या पाठीशी उभ्या असतात. अडचण येते ती तो बरा वाटून घरी गेल्यावर. तीन महिन्यांनी त्यास काहीही दुखत नसते. पेरणीचे दिवस असतात, किंवा मुलीचे लग्न असते. सोबत येणाऱ्या मुलाची दिवसाची मजुरी बुडते, ती कोणत्याही योजनेत धरलेली नसते. दुर्बिणीची धास्ती असते ती वेगळीच. एक फेरी चुकते, मग दुसरी, आणि रुग्ण परत येतो तो पुन्हा रक्त दिसल्यावर. तोवर वरवरची गाठ स्नायूपर्यंत गेलेली असू शकते, आणि दहा मिनिटांच्या तपासणीने जे निभावले असते तेथे मूत्राशय काढावे लागते.

लवचीक दुर्बिणीमुळे ही तपासणी बाह्यरुग्ण विभागात, केवळ बधिर करणारी जेली घालून करता येते. दुर्बीण नाजूक असते, तिची दुरुस्ती महाग पडते आणि प्रत्येक वापरानंतर तिचे निर्जंतुकीकरण काटेकोरपणे करावे लागते. तिच्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी बसविता येत नाही, आणि ‘चौदावी तपासणी’ या नावाने कोणी देणगी दिल्याचे आमच्या स्मरणात नाही. तरीही या विभागासाठी काही द्यावयाचे असल्यास ते दुर्बीण तपासणी, बीसीजीच्या मात्रा आणि स्टोमाच्या पिशव्या या तीन बाबींसाठी द्यावे, आणि शक्य असल्यास एकरकमी देण्याऐवजी पाच वर्षे दरसाल द्यावे, अशी आमची विनंती आहे. एका रुग्णाची पाच वर्षांची पाळत हे देणगीचे एकक धरल्यास आकडा सांगणे आम्हांस शक्य होईल.

पाळतीच्या तपासणीस येताना रुग्णांनी पहिल्या शस्त्रक्रियेपासूनचे सर्व पॅथॉलॉजी अहवाल, डिस्चार्ज कार्ड आणि बीसीजीच्या मात्रांची नोंद असलेली वही बरोबर आणावी. आदल्या आठवड्यात ताप किंवा लघवीची जळजळ असल्यास ती नोंदणी खिडकीवरच सांगावी. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. त्यांविषयी हृदयरोगतज्ज्ञ व मूत्ररोगतज्ज्ञ एकत्र ठरवितात. दिलेल्या तारखेस येणे शक्य नसल्यास फोन करून त्याच महिन्यातील दुसरी तारीख मागून घ्यावी.